पाचशे बारा अंशाची खोली

सिंधुबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या तेव्हा बाहेरच्या खोलीत भांडण लागलं. ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण इंदिरानगरातल्या फ्लॅटच्या भिंती अशा ठरवण्याला साथ देत नाहीत. शिवाय भांडणाऱ्या दोघांत एक त्यांची सून होती, सायली. सुनेचं भांडण न ऐकणारी सासू अजून जन्माला यायची आहे.

दुसरे होते उपेंद्र सर. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लहानसा कारखाना होता. कोल्ड स्टोरेजच्या खोल्यांची थंडी कमीजास्त करणारे कंट्रोलर ते बनवायचे आणि सायली लग्नाच्या आधीपासून तिथं नोकरीला होती. आता कारखाना बंद होत होता. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन यापुढे घ्यायचे नाहीत, अशा मजकुराचा कागद सहीला घेऊन सर स्वतः घरी आले होते.

"सही कर आणि मोकळी हो," सर म्हणत होते. "तुला दुसरी नोकरी लागलीय. जुनं लोढणं कशाला गळ्यात?"

"सही करते. आधी प्रोग्राम द्या."

"कुठला प्रोग्राम?"

"बोर्डांवर चढवलेला. सगळा, मुळापासून. कर्नलसकट."

"तो कंपनीचा आहे, सायली."

"त्याचा गाभा, कर्नल, कंपनीचा नाही, सर. तो जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलाय, आपण तो फुकट घेतला. घेताना अट एवढीच होती की, ज्यानं आपला माल विकत घेतला त्यानं मागितलं, तर आपण त्यात काय फेरफार केले ते उघड करून द्यायचं."

"बरोबर. गिऱ्हाइकानं मागितलं तर." सरांच्या आवाजात हसू आलं. "तू गिऱ्हाईक नाहीस. आणि आजवर एकानंही मागितलेलं नाही. आता काय निफाडचे द्राक्षवाले येणारेत माझ्याकडे कर्नल मागायला?"

सिंधुबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. निफाडकडं द्राक्ष बागायतदारांची जी सोसायटी होती, तिच्यात त्यांच्या मालकांचा शेअर होता. मालक गेल्यावर तो सिंधुबाईंच्या नावावर झाला होता. सोसायटीच्या सहा थंड खोल्या होत्या आणि सहाही खोल्यांच्या दारावर उपेंद्र सरांच्याच कारखान्याची डबडी बसवलेली होती. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या.

"मी मागते," त्या म्हणाल्या.

"काय मागता, आजी?"

"ती म्हणतीय ते. माझा शेअर हाय सोसायटीत. तुमचा माल आमीच घेतलाय. आता मागितलं, तर द्या."

सर आधी हसले. मग त्यांनी सायलीकडं पाहिलं, ती हसत नव्हती, तेव्हा तेही थांबले. त्या आठवड्यात एका खोक्यातून उरलेसुरले बोर्ड आणि एक पेन ड्राइव्ह घरी आला. सायलीनं सही केली. आपण नेमकं काय मागून घेतलं हे सिंधुबाईंना पुढं कित्येक वर्षं कळलेलं नव्हतं, पण मागितल्याचा त्यांना कधी पस्तावाही झाला नाही.

सायली मूळची लासलगावची. कांद्याच्या गावची असून तिच्या माहेरी कांद्याचा एक वाफा नव्हता. वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती मोटारसायकलला बांधून आणायचे आणि दारातूनच विचारायचे, "गेली ना हो ही?" वडील म्हणायचे, "जायाला तिला काय पाय हायेत?" मग जळलेली तार उपसायची, नवी भरायची. शाळेतून आली की सायली तारेचे वेढे मोजत त्यांच्याशेजारी बसायची. एखादी वस्तू गेली, संपली, टाकून द्या, असं कुणी म्हणालं की तिचा चेहरा आजही त्या दुकानातल्या पोरीसारखा होतो.

लग्न ठरलं तेव्हा सिंधुबाईंना सांगण्यात आलं होतं की मुलगी कॉम्प्युटरवर आहे. त्यांना वाटलं, बँकेत काउंटरमागं बसतात तशी. घरात आल्यावर कळलं की ही कॉम्प्युटरवर नसते, कॉम्प्युटरच्या पोटात असते. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला हिरवे बोर्ड उघडे पडलेले, त्यांतून वायरी लोंबताहेत, आणि ही केसांत पेन्सिल खुपसून त्यांच्याकडं एकटक बघतेय. समोर ठेवलेला चहा रोज निवायचा. पुरणपोळी तिला जमली नाही आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. फक्त "होत नाही" हे दोन शब्द तिला सोसायचे नाहीत. "होत नाही, की करायचं नाही?" हा तिचा ठरलेला प्रश्न. तो तिनं नवऱ्याला विचारला, गॅसच्या एजन्सीत विचारला, नळ दुरुस्तीला आलेल्या माणसाला विचारला. त्यानं नळ नीट केला आणि परत त्या इमारतीत पाऊल टाकलं नाही.

एकदा सिंधुबाईंनीच विषय काढला. "हे कर्नल कर्नल करतीस, ते हाय तरी काय?"

सायलीनं पेन्सिल केसांतून काढली. "आई, आपल्या बागेत छाटणीला माणसं कुठून येतात?"

"पेठ, सुरगाण्याकडून."

"त्यांना कामाला कोण लावतं?"

"मुकादम."

"मालकानं मुकादमाला सांगायचं, मुकादमानं माणसांना त्यांच्या बोलीत सांगायचं. आधी कोण, मग कोण, कात्री कुणाला, पाण्यावर कोण. तसा कर्नल म्हणजे यंत्रातला मुकादम. आणि प्रोसेसर म्हणजे राबणारी माणसं. प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरची बोली वेगळी."

"मग त्या उपेंद्र सरांच्या डबड्यांतली माणसं कुठली?"

"जुन्या बोलीची. ती बोली येणारे मुकादम आता कमी होत चाललेत."

सिंधुबाईंना एवढं पुरलं. बोली न येणारा मुकादम बागेत आला की काय गोंधळ होतो, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

गेल्या वर्षी दिवाळी सरता सरता चिमाजीचा फोन आला. चिमाजी हा सिंधुबाईंचा धाकटा भाऊ, सोसायटीचा चेअरमन. आवाज पडलेला होता. त्यांची द्राक्षं घेणाऱ्या परदेशातल्या खरेदीदारानं नवी अट घातली होती. थंड खोल्यांतल्या तापमानाची नोंद इंटरनेटवरून थेट त्याच्याकडं जायची. आता त्याचं म्हणणं असं की इंटरनेटला जोडलेल्या यंत्रातला कर्नल चालू काळातला पाहिजे, कुणी घुसू नये म्हणून त्याला वरचेवर दुरुस्त्या मिळत असल्या पाहिजेत. जुनाट कर्नलवर चालणाऱ्या खोलीतला माल घेणार नाही.

म्हणजे घरच्या खोल्या असून माल वेलीवरच व्यापाऱ्याला द्यायचा, आणि तो म्हणेल ते ऐकायचं. त्याच्याच तोंडाकडं बघावं लागू नये म्हणून तर त्या खोल्या बांधल्या होत्या. बांधकामाच्या वेळी सिंधुबाई स्वतः विटांवर पाणी मारायला गेल्या होत्या.

चिमाजीनं तोडगाही शोधून ठेवला होता. मयुरेश नावाचा एका मोठ्या कंपनीचा माणूस त्याला भेटला होता. कंपनी सगळी यंत्रं बदलून देणार, वर काही मागणार नाही. फक्त पुढची काही वर्षं खोल्या कंपनीनं चालवायच्या. आधी कंपनीचा माल ठेवायचा, जागा उरली तर सभासदांचा.

"म्हंजी खोल्या आपल्या आन किल्ली त्यांची," सिंधुबाई म्हणाल्या.

"अक्का, दुसरा रस्ता हाय का?"

सिंधुबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला.

सोसायटीच्या पॅकहाउसमध्ये, जिथं द्राक्षं पॅक होतात त्या शेडमध्ये, सभासदांची बैठक झाली. सायली मयुरेशच्या समोर बसली. मयुरेश तसा वाईट माणूस नव्हता. नाशिकचाच, बोलायला गोड, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि आपण या लोकांवर उपकार करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं.

"मॅडम, तुमच्या बोर्डावरचा प्रोसेसर आता कोणी वापरत नाही," तो म्हणाला.

"आम्ही वापरतो."

"तसं नाही. जगात कोणी वापरत नाही."

"आम्ही जगातच राहतो."

शेडमध्ये खसखस पिकली. मयुरेशही हसला, मग त्यानं मोबाइल पुढं केला. "हे वाचा. मी काही पदरचं सांगत नाहीये. नव्या कर्नलमधून याचा आधारच काढून टाकताहेत."

सायलीनं वाचलं आणि सिंधुबाईंना तिचा चेहरा उतरलेला दिसला. कर्नल लिहिणारी माणसं देशोदेशी विखुरलेली, त्यांची सगळी बोलणी मेलवर, सगळ्यांना दिसतील अशी चालतात. तिथं कर्नलमधला हा भाग सांभाळणाऱ्या प्रमुखानं लिहिलं होतं की, या प्रोसेसरवर कित्येक दिवसांत नवा कर्नल कुणी चालवून पाहिलेला दिसत नाही. कुणाची हरकत नसेल, तर पुढच्या आवृत्तीतून तो काढून टाकतो. खाली कुणाचीच हरकत नव्हती.

सायलीनं मोबाइल परत दिला. "हरकत आहे," ती म्हणाली.

"इथं म्हणून काय उपयोग, मॅडम?"

"तिथंही म्हणते." ती चिमाजीकडं वळली. "मामा, मला एक खोली द्या. पहिली. हंगामाच्या आधी तिच्यावर नवा कर्नल चालवून दाखवते. चालला तर सहाही खोल्या तशाच करू."

"आन नाय चालला तर?"

"तर तुम्ही सही करा. मी आडवी येणार नाही."

चिमाजी मान खाजवत बसला. "पोरी, हे काय घरातलं मिक्सर नाय."

"मिक्सर अवघड असतो, मामा. त्याला नुसता प्रोग्राम बदलून भागत नाही."

हात वर करायची वेळ आली तेव्हा सिंधुबाईंचा हात पहिला वर गेला. मग त्यांनी मान वळवून सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या होत्या आणि काहींच्या तर बारशाला पाळणा म्हटला होता. हात वर गेले. चिमाजीचा शेवटी गेला, तोही खांद्यापर्यंतच.

तिकडच्या प्रमुखाला सायलीनं त्याच दिवशी मेल केला. त्याचं उत्तर आलं ते तिनं चहाच्या वेळी सिंधुबाईंना मराठीत करून सांगितलं. त्यानं लिहिलं होतं, हरकत घेणारी माणसं पुष्कळ मिळतात, सांभाळणारी मिळत नाहीत. तुम्ही यातल्या कोण?

"तोंडाचा फटकळ दिसतोय," सिंधुबाई म्हणाल्या.

"फटकळ आहे. पण खोटं बोलत नाहीये."

तेव्हापासून सिंधुबाईंनी त्याचं नाव तिकडचा पाटील असं ठेवलं. सायली रोज नोकरीचं काम आटोपून टेबलाच्या त्या टोकाला बसायची. उपेंद्र सरांच्या कारखान्यानं पूर्वी जुन्या कर्नलमध्ये जे फेरफार केले होते, ते जसेच्या तसे नव्यात बसत नव्हते. मधल्या काळात मुकादम बदलला होता, त्याच्या कामाच्या रीती बदलल्या होत्या. एकेक फेरफार सोडवायचा, नव्या रीतीत बसवायचा, बोर्डावर चढवून पाहायचा आणि चालला की पाटलाकडं पाठवायचा.

ज्ञानेश, सिंधुबाईंचा लेक, एकदा जेवताना म्हणाला, "अगं, याचे तुला पैसे कोण देणार?"

"तू क्रिकेट बघतोस, त्याचे कोण देतं?"

ज्ञानेशनं आमटी वाढून घेतली.

पहिले फेरफार पाठवले ते पाटलानं तसेच परत केले. कारण वाचून सायली कितीतरी वेळ कपाळाला हात लावून बसली. कामात चूक नव्हती. पण तिच्या मेलच्या प्रोग्रामनं, तिला न विचारता, ओळींच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागा आपल्या मनानं बदलल्या होत्या. तिकडं त्या जागा काटेकोर लागतात. बदलल्या की फेरफार कर्नलला चिकटतच नाही.

"रिकाम्या जागेवरून परत पाठवलं?" सिंधुबाईंनी विचारलं.

"हो ना."

"मग त्याचं काय चुकलं. ठिपक्यांची रांगोळी काढताना ठिपका मोलाचा असतो, तितकीच मधली जागा. जागा हुकली की कमळाचं वांगं होतं."

सायलीनं त्यांच्याकडं रागानं पाहिलं. चूक एवढी साधी होती की रागवायला दुसरं कुणी जवळ नव्हतं. मेलचा प्रोग्राम बदलून तिनं सगळं परत पाठवलं. या खेपेला पाटलानं फक्त एवढंच लिहिलं की आता वाचता येतंय. सिंधुबाईंना ते फार वाटलं नाही, पण सायली त्या दिवशी गरम चहा प्यायली.

मार्गशीर्षात पहिल्या खोलीची चाचणी ठरली. खोलीत रिकामे क्रेट ठेवायचे, नवा कर्नल चढवायचा आणि खोली दोन अंशांवर आणून धरायची, एवढंच करायचं होतं. पण चिमाजीला रिकाम्या खोलीची चाचणी ही चाचणी वाटेना. सटाण्याकडं त्याची सोयरीक होती. त्या बागलाण भागात आगाप द्राक्षं लवकर उतरतात. त्यानं कुणाला न सांगता व्याह्याकडून क्रेट आणवले आणि सकाळीच खोलीत रचून ठेवले. सायली पोचली तेव्हा खोली द्राक्षांनी भरलेली, दारात सभासद उभे, आणि मयुरेशही आलेला.

"मामा, हे कशाला?"

"खरा माल पायजे ना आत. नायतर कळायचं कसं."

सायलीनं बोर्डाला केबल लावली, नवा कर्नल चढवला. दारावरच्या डबड्याचा पडदा काळा झाला, मग त्यावर अक्षरं धावली आणि खोलीचं यंत्र घरघरत सुरू झालं. लोकांनी सोडलेला श्वास सिंधुबाईंना ऐकू आला. मग पडद्यावर तापमान उमटलं. बाराशे ऐंशी अंश.

मयुरेशनं पडद्याकडं बोट केलं. "मॅडम, एवढ्या उष्णतेत तांबं वितळतं."

"माझी द्राक्षं," चिमाजी म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. आतली खोली भट्टी झालीय असं यंत्राला वाटत होतं, म्हणून ते जीव खाऊन थंडी सोडत होतं. थांबवलं नाही तर घड गोठून काचेचे होतील. "बंद कर ते. दार उघडा, क्रेट काढा."

"दार उघडू नका," सायली म्हणाली.

"व्याह्याचा माल हाय तो. काय तोंड दाखवू त्याला?"

"गोठू देणार नाही, मामा. बंद करायच्या बटणावरच हात आहे माझा. थोडं थांबा."

खोलीच्या भिंतीतून आत गेलेल्या नळीला साधा पाऱ्याचा थर्मामीटर लावलेला होता. सायली एक डोळा त्याच्यावर आणि दुसरा पडद्यावर ठेवून उभी होती. पडद्यावर एक हजार चोवीस आलं. बऱ्याच वेळानं सातशे अडुसष्ट. चिमाजी येरझारा घालत होता. सिंधुबाई क्रेटवर बसून सुनेकडं बघत होत्या. मघापासून तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, ते आता सैल व्हायला लागले. पडद्यावर पाचशे बारा आलं तेव्हा तिनं बटण दाबून यंत्र बंद केलं, आणि ती चक्क हसत होती.

"हसतीस काय?" चिमाजी म्हणाला.

"मामा, ते चुकतंय, पण वेडं झालेलं नाही. वेडं असतं तर इतक्या सारख्या पायऱ्यांनी उतरलं नसतं. आत दोन अंश आहेत. हात घालून बघा."

चिमाजीनं दार फटीएवढं उघडून हात घातला. द्राक्षं गार होती, गोठली नव्हती. पण त्याचं समाधान झालं नाही. पडद्यावर पाचशे बारा दिसत होतं आणि खरेदीदाराचा द्राक्षांना हात लागणार नव्हता, त्याला पडद्यावरचा आकडाच दिसणार होता. "तू म्हणालीस म्हणून खोली दिली," तो म्हणाला. "मशीन चुकलं ते चुकलं. सोमवारपर्यंत वाट बघतो. मग मी सही करणार."

मयुरेश गाडीत बसताना सायलीला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. जुन्या वस्तूंचं असंच असतं."

"सोमवारी या," सायली म्हणाली.

रविवारी सकाळी पोह्यांची ताटली हातात घेऊन ती स्वयंपाकघरात आली. सापडलंय हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं.

"आई, पंचवीस म्हणताना आपण आधी काय म्हणतो?"

"पाच. मग वीस."

"आणि लिहिताना?"

"आधी दोन, मग पाच. मास्तरांनी त्याच्यावरूनच तर छडी मारली होती."

"दोन्ही बरोबर आहेत. फक्त कुठल्या बाजूनं सुरुवात करायची ते दोघांचं ठरलेलं पाहिजे. यंत्रातही तसंच. आकडा दोन खणांत ठेवलेला असतो, एक एककाचा आणि एक मोठा. मोठ्या खणातला एक म्हणजे दोनशे छप्पन्न. आपला प्रोसेसर मोठा खण आधी वाचतो. हल्लीचे बहुतेक लहान खण आधी वाचतात. तापमान आणणारा भाग मधल्या काळात कुणीतरी नव्यानं लिहिला, त्याच्याकडं हल्लीचाच प्रोसेसर होता, त्यानं धरून टाकलं की सगळे असेच वाचतात. त्यामुळं एककाच्या खणातले दोन मोठ्या खणात जाऊन बसले."

"म्हंजी दोनाचे दोन वेळा दोनशे छप्पन्न झाले."

"पाचशे बारा."

सिंधुबाईंनी पोह्यांवर खोबरं घातलं. "मग तुझं चुकलंच नव्हतं. त्या लिहिणाऱ्याचं चुकलं."

"त्याचंही नाही. आपल्यासारखे कुणी आहेत हेच त्याला माहीत नव्हतं. आपण कुणी बोललोच नाही ना."

दुरुस्ती एका ओळीची निघाली. ती तिनं पाठवली तेव्हा तिकडं कुणीतरी, पाटील नव्हे, दुसराच, आडवा आला. त्यानं विचारलं, अशी यंत्रं आता असतात तरी कुणाकडं? नसलेल्या माणसांसाठी कर्नलमध्ये ओळ कशाला वाढवायची? सायलीनं दोनच वाक्यांत उत्तर दिलं आणि पाठवण्याआधी ते सिंधुबाईंना वाचून दाखवलं. माझ्याकडं सहा आहेत. त्यांत द्राक्षं आहेत.

"जास्त तिखट झालं का?" तिनं विचारलं.

"अजून थोडं चाललं असतं," सिंधुबाई म्हणाल्या.

यावर पाटलाचं उत्तर आलं. दुरुस्ती घेतली, प्रोसेसर काढणार नाही. पण एक अट. या भागाची राखण करणारी म्हणून सायलीचं नाव कर्नलमध्ये लागेल. दर नवी आवृत्ती आली की तिनं ती खऱ्या यंत्रावर चालवायची आणि चालते की नाही ते कळवायचं. ज्या वेळी कळवणार नाही, त्याच्या पुढच्या वेळी प्रोसेसर गेला.

"म्हंजी दर बारीला परीक्षा," सिंधुबाई म्हणाल्या.

"दर वेळी."

"आन एक चुकली की संपलं. लय कडक बाबा हाय."

"असू दे. निदान आता काढायचं म्हटलं तर माझ्या नावाशी गाठ आहे."

सोमवारी पहिल्या खोलीच्या पडद्यावर दोन अंश दिसत होते आणि नळीतला पाराही दोनच दाखवत होता. चिमाजी दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं आत जाऊन बागलाणच्या घडातला एक मणी तोडून तोंडात टाकला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं तो सावकाश चावला.

"गोडी कमी हाय," तो म्हणाला. "पण ते बागलाणवाल्यांचं कायमचंच हाय. बाकीच्या पाच खोल्या कवा करतीस?"

मयुरेशनं लॅपटॉप बॅगेत घातला. "मॅडम, अजून किती वर्षं ओढणार हे?"

"बोर्ड चालतात तोवर. खोकं भरून उरलेत घरी."

"आणि ते संपल्यावर?"

"तेव्हा आम्ही ठरवू काय घ्यायचं ते. तुम्ही ठरवून आलात, तसं नको."

मयुरेशनं तिला नमस्कार केला आणि जाताना चिमाजीकडून द्राक्षांची पिशवीही घेतली. हंगामाच्या तोंडाशी खरेदीदाराचा तपासनीस आला, सहाही खोल्यांचे कर्नल बघून गेला, आणि पौष-माघात पहिले कंटेनर सोसायटीच्याच खोल्यांतून निघाले. कुणाचा माल आधी लावायचा यावरून सभासद आपसांत कडाडून भांडले. ते भांडण ऐकून सिंधुबाईंना बरं वाटलं. किल्ली आपल्याकडं असली की असंच भांडता येतं.

चैत्रात शेवटचा कंटेनर गेला. खोल्या रिकाम्या झाल्या, धुऊन वाळवल्या, यंत्रं बंद झाली. त्याच आठवड्यात नव्या कर्नलची आवृत्ती आली.

"आता हंगाम संपला," चिमाजी फोनवर म्हणाला. "आत एक मणी नाय. एवढ्या उन्हाचं कशाला येतीस? चालतंय म्हणून लिहून टाक तिकडं. त्यांना काय दिसतंय?"

"मला दिसतंय ना, मामा," सायली म्हणाली.

शनिवारी दोघी निघाल्या. सिंधुबाईंना तिथं काही काम नव्हतं. पण गेल्या काही खेपांपासून त्या बरोबर जात आणि शेडच्या सावलीत बसून कोण काय बोलतं ते ऐकत. चिमाजी किल्ल्या घेऊन आला, कुरकुरत आला. सायलीनं पहिल्या खोलीला केबल लावली. नवा कर्नल चढवला. पडदा काळा झाला, अक्षरं धावली, यंत्र घरघरलं. खोली उतरायला वेळ लागला तेवढा वेळ ती पाऱ्यासमोर उभी राहिली. दोन आणि दोन. मग दुसरी खोली. मग तिसरी. चिमाजी मध्येच जाऊन जेवून आला. सिंधुबाईंनी डबा उघडून सुनेला उभ्या उभ्याच पोळीभाजी खायला लावली. सहावी खोली झाली तोवर शेडची सावली रस्त्याला लागली होती.

सायली उलट्या क्रेटवर बसली आणि तिनं मेल लिहिला. आवृत्ती कुठली ते, सहा यंत्रं, सगळी चालली. खाली आपलं नाव. एकदा वाचला आणि पाठवला.

"काय म्हणतोय पाटील?" सिंधुबाईंनी विचारलं.

"आत्ता कुठं. उद्या बघेल."

तिनं सहाही यंत्रं एकेक करून बंद केली, केबल कोपरावर गुंडाळून पिशवीत टाकली, आणि चिमाजीला किल्ल्या परत देऊन स्कूटर सुरू केली.